काचेवरील कपची



गेल्या पौषांत माझा एक मामेभाऊ रावेर तालुक्यांतून जळगांवास आला, तो बिघडलेला मोबाईल घेऊन. केळीच्या बागेचा धनी, हिशेबाला चोख, वस्तू जपून वापरणारा असा हा गृहस्थ. मोबाईल त्याच्या हातून एकदांहि पडला नव्हता कीं पाण्यांत भिजला नव्हता. प्रथम काळोखांत पाहिलें असतां पडद्याच्या खालच्या कडेला फिकट उजेडाचा एक डाग दिसूं लागला. पंधरा दिवसांनीं अगदीं डाव्या कडेला एक उभी रेघ उमटली, मग दुसरी, मग सात-आठ. दुरुस्ती करणाऱ्यानें तो उलटसुलट करून पाहिला, "पडदा गेला, नवा घालावा लागेल" एवढेंच सांगितलें, आणि जी किंमत सांगितली ती नव्या मोबाईलच्या निम्म्याजवळ जात होती. भावाला किंमतीपेक्षां दुसऱ्याच गोष्टीचें वैषम्य वाटलें. तो मला म्हणाला, "भाऊ, पडला नाहीं, आपटला नाहीं, मग गेला कशानें? दुकानदार म्हणतो, तुम्हींच कोठें तरी दाबला असेल."

शेतकऱ्याचा मोबाईल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. २०२१ पासून आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतांत काय पेरलें याची नोंद शेतकऱ्यानें बांधावर उभें राहून मोबाईलवर करावी असें ठरलें. केळीचा भाव, बँकेचा निरोप, विम्याचा कागद, सगळें त्या चार बोटें रुंद काचेवर येतें. ती काच मुकी झाली म्हणजे आठवडाभर माणूस दुसऱ्याच्या दारीं जाऊन बसतो. म्हणून भावाच्या प्रश्नाला मीं थातुरमातुर उत्तर दिलें नाहीं. आयुष्याचीं पुष्कळ वर्षें मीं धुळ्यास यंत्रशास्त्र शिकविण्यांत घालविलीं आहेत. ओझें, ताण आणि वांकणें हा माझा जुना विषय. त्याला जें सांगितलें तेंच आज नभोवाणीवरून आपल्याला सांगतों.

प्रथम हा पडदा असतो कसा तें पाहूं. हे पडदे आपल्या खानदेशांत होत नाहींत. ते मुख्यतः चीन, कोरिया, तैवान आणि जपान या देशांतून येतात. साध्या किंमतीच्या मोबाईलांतील पडदा म्हणजे दोन अतिशय पातळ काचा. प्रत्येकीची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी, कित्येकदां पाव मिलिमीटरहूनहि कमी. त्या दोहोंच्या मध्यें तीन-चार मायक्रॉनची फट, आणि त्या फटींत द्रव-स्फटिक नांवाचा पदार्थ. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केंस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ही फट केंसाच्या विसाव्या हिश्शाएवढी. खालच्या काचेवर उभ्या आणि आडव्या अशा सूक्ष्म तारांचें जाळें काढलेलें असतें. ज्या पडद्यावर ठिपक्यांचे ७२० उभे स्तंभ आहेत, तेथें प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा, निळा असे तीन भाग धरले म्हणजे २१६० उभ्या तारा झाल्या. या सर्व तारांना कोणत्या क्षणीं किती वीज द्यावयाची, हें ठरविणारा कारभारी एकच असतो. तो म्हणजे सिलिकॉनची एक पट्टी, जिला आपण सारे चिप म्हणतों. मराठींत दगडाच्या अशा तुकड्याला कपची म्हणतात, आणि इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थहि तोच असल्यामुळें मी आज तिला कपची म्हणणार आहें.

धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं ज्यांनीं फड पद्धतीची शेती पाहिली आहे, त्यांना या कपचीचें काम समजाविण्याची गरज नाहीं. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, पाटापासून चाऱ्या, आणि पाटकरी पाळीपाळीनें एकेका शेताला पाणी देतो. पडद्यावरील चित्रहि असेंच पाळीनें भिजतें. एक आडवी ओळ उघडली, तिच्यांतील सर्व ठिपक्यांना आपापला वांटा मिळाला, ती मिटली, मग दुसरी. सेकंदाला साठ वेळां सबंध पडदा भिजून होतो. मात्र शहाणा मनुष्य बंधारा घालतांना नदीच्या पात्रांत खडक कोठें आहे तें आधीं पाहतो. पडदा करणाऱ्याला ती निवड नसते. त्याला आपला बंधारा पातळ काचेच्या अगदीं कडेवरच घालावा लागतो. वरची काच थोडी आंखूड ठेवून खालच्या काचेचा दोन-तीन मिलिमीटरांचा जो कांठ उघडा राहतो, त्या ओसरीवर ही कपची बसविलेली असते. लांबी सुमारें वीस ते तीस मिलिमीटर, रुंदी सव्वा-दीड मिलिमीटर, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आगपेटींतल्या अर्ध्या काडीचा चपटा केलेला आकार. इतर ठिकाणीं दोन काचा एकमेकींना आधार देतात. या ओसरीवर एकच काच असते, आणि सगळा भार तिच्यावर. पडद्याचें सर्वांत दुर्बळ स्थान आणि सर्वांत मोठें ओझें हीं एकाच जागीं येतात. रचनाकाराच्या अडचणीला येथूनच आरंभ होतो.

कपची काचेला चिकटविण्याची युक्ति मोठी नामी आहे. कपचीच्या खालच्या अंगाला सोन्याचे बारीक उंचवटे असतात, एक-दोन नव्हेत, हजाराहून अधिक. काचेवरील तारांचीं टोकें त्यांच्या समोर येतात. मध्यें चिकट पदार्थाची एक पातळ फीत ठेवतात. तिच्यांत तीन ते पांच मायक्रॉन व्यासाचे प्लॅस्टिकचे गोल कण विखुरलेले असतात, आणि प्रत्येक कणावर निकेल व सोनें यांचा मुलामा असतो. वरून तापलेला दट्ट्या कपचीवर दाबला म्हणजे कण उंचवटा आणि तार यांच्यामध्यें चिरडले जाऊन वरून खालीं वीज वाहूं लागते. बाजूंना मात्र कण एकमेकांना टेकत नाहींत, म्हणून शेजारच्या तारेंत वीज शिरत नाहीं. कांहीं सेकंदांत चिकट पदार्थ पक्का होतो. येथें डाग देणें नाहीं कीं खिळा ठोकणें नाहीं. हजारों सांधे एका दाबांत. मात्र हे सांधे टिकतात ते केवळ त्या चिकट पदार्थानें कण घट्ट आवळून धरल्यामुळें, हें लक्षांत असूं द्यावें.

आतां ताण येतो कोठून तें सांगतों. माझें बालपण ज्या गांवीं गेलें तेथें लोहाराच्या भात्यापुढें आम्ही मुलें तासन्‌तास बसत असूं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवितांना पाहण्यासारखा देखावा असे. लोहार धाव चाकाच्या घेरापेक्षां किंचित् आंखूड करी, गोवऱ्यांच्या जाळांत लाल करी, आणि फुगून मोठी झाली म्हणजे सांडशीनें उचलून चाकावर बसवी. मग वर घागरीनें पाणी. धाव आंखडे, लांकूड करकरे, आणि आरे तुंब्यांत असे घट्ट बसत कीं पुढें कित्येक वर्षें दगडधोंड्यांतून गाडी गेली तरी ते हालत नसत. तापलेली वस्तु गार वस्तूवर चढवावी आणि मग दोन्ही सारख्या गार व्हाव्या, म्हणजे तापलेली गारेला आवळते. लोहाराला तो आवळा हवा असतो. कपची चिकटविणाऱ्याला तो नको असतो, पण निसर्ग दोघांना एकच नियम लावतो.

हिशेबच करून पाहूं. सिलिकॉनची वीस मिलिमीटर लांबीची पट्टी घ्या. चिकटवितांना दट्ट्या वरून तापविलेला असल्यामुळें कपचीचें तापमान २०० अंश झालें, आणि खालची काच ८० अंशांपर्यंतच तापली असें धरूं. मग दोन्ही २५ अंशांवर आल्या. सिलिकॉन एका अंशाला दहा लाखांत २.६ भाग आंखडतें, पडद्याची काच सुमारें ३.२ भाग. म्हणजे कपची नऊ मायक्रॉन आंखडली आणि तिच्याखालची काच साडेतीन मायक्रॉन. फरक साडेपांच मायक्रॉनचा, केंसाच्या बाराव्या हिश्शाएवढा. हा फरक कोणालाच दिसणार नाहीं. परंतु कपची सुटूं शकत नाहीं, काचहि सुटूं शकत नाहीं, आणि सिलिकॉन काचेपेक्षां सुमारें दुपटीनें ताठर. तेव्हां दुर्बळ बाजू वांकते. काचेची ओसरी कपचीच्या बाजूला किंचित् पोकळ होते, तिच्या खालच्या अंगाला ओढ बसते, आणि कपचीच्या दोन्ही टोकांपलीकडे काच ताणली जाते. येथें एक गंमत पाहा. नुसत्या गुणधर्मांकडे पाहिलें तर काच सिलिकॉनपेक्षां अधिक आंखडणारी. उलटा परिणाम होतो तो केवळ चिकटवितांना दोघींच्या तापमानांत फरक असतो म्हणून. पुस्तकांतले आंकडे पाहून हिशेब करणाऱ्या विद्यार्थ्यांची येथें हटकून फसगत होते.

हें वांकणें मोजण्याचें शास्त्र पडद्यांहून पुष्कळ जुनें आहे. १९०९ सालीं स्टोनी नांवाच्या आयरिश अभियंत्यानें पोलादी पट्टीवर विजेच्या साहाय्यानें निकेलचा थर चढविला असतां पट्टी वांकते हें दाखविलें, आणि वांकण्यावरून थरांतील ताण काढण्याचें सूत्र दिलें. सुधारून घेतलेलें तेंच सूत्र आजहि वापरांत आहे. काच कां फुटते याचा उलगडा ग्रिफिथनें १९२१ मध्यें छापलेल्या निबंधांत केला. काच दाबाला भिणारी नव्हे, ती ओढीला भिणारी आहे. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात, आणि ओढ लागली म्हणजे सर्व ताण ओरखड्याच्या टोकाशीं गोळा होतो. पडद्याची काच चाक फिरवून, ओरखडून मोडलेली असते. म्हणून असे ओरखडे सर्वांत अधिक तिच्या कडेवर असतात, आणि आपली कपची कडेपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर बसलेली आहे.

परंतु पडदा फुटण्याच्या आधींच ताण आपली खूण दाखवितो. माझ्या भावाला काळोखांत दिसलेला डाग ती खूण होती. ताणलेल्या काचेंतून प्रकाश जातांना त्याच्या कंपनाची दिशा बदलते, हें ब्रूस्टरनें १८१५ च्या सुमारासच ओळखलें होतें. द्रव-स्फटिकाच्या पडद्याचें सगळें कामच या दिशेवर चालतें. एका दिशेचा प्रकाश सोडावयाचा, दुसऱ्या दिशेचा अडवावयाचा. काळा दिसावयाचा तो ठिपका काळा दिसतो, कारण तेथें प्रकाश अडविलेला असतो. काच ताणली म्हणजे दिशा थोडी वळते आणि अडविलेला प्रकाश निसटतो. शिवाय काच वांकल्यामुळें ती तीन-चार मायक्रॉनची फटहि कमीजास्त होते, तेणेंकरून डागांत भर पडते. या डागाला जपानी कारागिरांनीं मुरा म्हणजे असमानता हें नांव दिलें, आणि जगभर आतां तेंच चालतें. घरीं प्रयोग करावयाचा असेल तर संगणकाच्या पांढऱ्या पडद्यासमोर मुलांची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी धरावी आणि उन्हाच्या त्या विशेष चष्म्यांतून, ज्याला पोलराइज्ड म्हणतात, तिच्याकडे पाहावें. पट्टीच्या कोपऱ्यांत व भोकाभोंवतीं इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतील. पट्टी ओततांना तिच्यांत राहिलेला हा ताण. दृश्य इतकें सुंदर आहे कीं मीं वर्गांत तें दाखविलें कीं घंटा झालेली मुलांना ऐकूं येत नसे.

अशा स्थितींत पडद्याची रचना करणाऱ्यानें करावें काय? पहिला विचार मनांत येतो तो काच जाड करण्याचा. पण जाड काच म्हणजे जड मोबाईल, आणि गिऱ्हाईक तर दर वर्षीं अधिक पातळ मागतें. मग दुसरी वाट उरते ती काचेला बळ देण्याऐवजीं कपचीचा हट्ट कमी करण्याची. कोणत्याहि पट्टीचा वांकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणांत असतो. कपचीची जाडी निम्मी केली कीं तिचा विरोध आठवा हिस्सा उरतो. ती स्वतः थोडी वांकते आणि काचेला ओढणें सोडते. म्हणून कपच्या मागच्या बाजूनें घांसून पातळ करतात. यालाहि मर्यादा आहे. फार पातळ केली तर दट्ट्याच्या दाबाखालीं कपचीच मध्यें खचते, कारण सोन्याचे उंचवटे बहुधा दोन लांब कडांनींच असतात आणि मधला भाग अधांतरीं. कडेचे कण नीट चिरडले जात नाहींत. यासाठीं मध्यभागीं कांहीं खोटे उंचवटे बसवितात, ज्यांतून वीज वाहत नाहीं. मांडवाला मध्यें टेंकू द्यावा तसें त्यांचें काम. जिचा विजेशीं कांहीं संबंध नाहीं अशी वस्तु सोन्याची करून तेथें ठेवणें हिशेबनिसाला कधीं रुचत नसेल, पण मला स्वतःला ही योजना फार आवडते.

चिकटविण्याचें तापमान उतरविणें हा दुसरा मोठा उपाय. कमी उष्णतेंत पक्का होणारा चिकट पदार्थ वापरला आणि खालच्या बैठकीकडून काचहि थोडी अधिक तापविली, म्हणजे दोघींतील अंतर घटतें व वर केलेला साडेपांच मायक्रॉनांचा हिशेब तीन-चारांवर येतो. यांत पैसा लागतो तो पदार्थाला आणि वेळेला. कारखान्यांत प्रत्येक पडद्यामागें चार सेकंद अधिक गेले तर दिवसाला किती पडदे कमी, हें तेथील व्यवस्थापकाला तोंडपाठ असतें.

आणि मग जागा. कपचीचीं दोन टोकें हें सर्वांत अधिक ओढीचें स्थान. तेथून महत्त्वाच्या तारा नेऊं नयेत, नेल्याच तर रुंद कराव्या. कपची ओसरीच्या मधोमध असावी, म्हणजे डावीउजवी ओढ सारखी पडते. कपची आणि चित्राचा भाग यांत पुरेसें अंतर असावें, म्हणजे वांकण वाटेंतच विरून जातें. एका लांब कपचीऐवजीं दोन आंखूड घातल्या तर टोकांशीं जमणारा फरक निम्मा होतो. हें सर्व रचनाकारांना ठाऊक असतें. अडचण ज्ञानाची नाहीं. पडद्याभोंवतींची काळी पट्टी जितकी अरुंद तितका मोबाईल देखणा, असें जाहिरातींनीं आपल्याला पढविलें आहे, आणि ती पट्टी अरुंद करावयाची म्हणजे नेमकें हेंच अंतर खावयाचें. पडद्याच्या खालची बोटभर काळी पट्टी मला कधींच कुरूप वाटली नाहीं. शेताच्या बांधाला कोणी कुरूप म्हणत नाहीं.

ज्यांना हा अंतराचा प्रश्न अगदींच सुटत नाहीं ते कपची काचेवरून उचलून प्लॅस्टिकच्या लवचिक फितीवर बसवितात आणि फीत मागें दुमडतात. महाग मोबाईलांत हेंच करतात. घडी पडणाऱ्या पडद्यांत तर काचेऐवजीं सबंध बैठकच प्लॅस्टिकची असते. तेथें दुसरेंच संकट. बैठक मऊ, वरचे थर ठिसूळ. दट्ट्या दाबला कीं सोन्याचे उंचवटे मऊ बैठकींत रुततात आणि वरच्या पातळ थरांना तडे जातात. चिखलावर पसरलेल्या फरशीवर खुर्ची ठेवावी तसा प्रकार. मग उंचवट्यांच्या खालीं थर अधिक भक्कम करावे लागतात, आणि जेथें घडी पडावयाची तेथें तेच थर काढून टाकावे लागतात.

ताणाशीं वागण्याच्या या दोन रीती, सैल सोडणें आणि घट्ट धरणें, आपल्या खानदेशांत मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळतात. साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्यें सुरू झाला. सिलिकॉनच्या चकत्यांच्या सौरफलकांत काचेखालीं त्या चकत्या मांडून तांब्याच्या पट्ट्यांनीं एकमेकींना जोडलेल्या असतात. तांबें सिलिकॉनच्या सहा-सातपट प्रसरण पावतें. म्हणून दोन चकत्यांच्या मध्यें पट्टीला थोडा बांक देऊन सैल ठेवतात, म्हणजे दिवसाचें ऊन आणि रात्रीची थंडी तो बांक पोटांत घालतो. भुसावळच्या लोहमार्गाची रीत उलट. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला तर चाळीस अंशांच्या फरकानें तो ४६ सेंटिमीटर लांबेल. पूर्वीं त्यासाठीं रुळांच्या सांध्यांत फट ठेवीत आणि गाडी त्यावरून खडखडत जाई. आतां मैलोगणती रूळ एकसंध जोडतात आणि एका ठराविक तापमानाला ते निस्ताण करून आवळून टाकतात. रूळ लांबूं शकत नाहीं, ताण पोटांत घेऊन पडून राहतो. काचेवरील कपची ही रुळाच्या जातीची. फितीवरील कपची साक्रीच्या पट्टीच्या जातीची. फरक इतकाच कीं रुळाला निस्ताण तापमान अभियंता विचारपूर्वक निवडतो. कपचीच्या वांट्याला मात्र चिकटविण्याच्या क्षणाची उष्णता येते, मग ती सोयीची असो वा नसो.

आतां भावाच्या प्रश्नाकडे येतों. कारखान्यांतून पडदा निघाला तेव्हां तो ताण पोटांत घेऊन निघाला, पण धड होता. मग तो पौषांतच कां बिघडला? आपल्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. उन्हांत मोटारसायकलवर लावलेली काळी काच त्याहूनहि तापते. आषाढांत हवा ओली. पौषांत धुळ्याकडे कधीं कधीं पारा सहा अंशांच्याहि खालीं उतरतो, आणि रावेर-यावलकडे पहाटे केळीच्या पानांना थंडीचा चटका बसतो. कपची आणि काच यांचें एकमेकींशीं या ऋतुमानानें फारसें बिघडत नाहीं. प्रसरण जवळजवळ सारखें असल्यामुळें चाळीस अंशांच्या फरकानें त्यांच्यांत अर्धा मायक्रॉनच अंतर पडतें. बिघडतें तें मधल्या चिकट पदार्थाचें. तो काचेच्या दहापटींहून अधिक आंखडतो-फुगतो. उन्हाळ्यांत तो नरमतो आणि हळूहळू सरकतो. पावसाळ्यांत हवेंतील ओल पिऊन फुगतो, आणि कणांवरचा त्याचा आवळा ढिला पडतो. थंडींत तो आंखडून कडांशीं उपटा मारतो, आणि हा उपटा सर्वांत जोराचा कपचीच्या दोन टोकांशीं. दर वर्षीं हें एक आवर्तन, आणि भावाचा मोबाईल चौथ्या आवर्तनांत होता.

पडद्यांच्या परीक्षा होत नाहींत असें नाहीं. शून्याखालीं ३०-४० अंशांपासून वर ८०-८५ अंशांपर्यंत त्यांना शेंकडों वेळां खालींवर नेतात. ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रता अशा कोंडींत शेंकडों तास ठेवतात. माझी शंका निराळी आहे. या परीक्षा बहुधा एकेकट्या घेतल्या जातात, नव्या पडद्यांवर. आपलें वर्ष मात्र ओलीनें ढिल्या झालेल्या सांध्याला सहा महिन्यांत थंडीच्या स्वाधीन करतें, आणि त्यावर कोणी तरी तो मोबाईल पाठीमागच्या खिशांत घालून ट्रॅक्टरवर बसतो. अशी ओळीनें घेतलेली परीक्षा प्रत्येक पडद्याची व्हावी, निदान जो माल आपल्या भागांत विकावयाचा त्याची तरी, असें मला वाटतें. आणखी एक गोष्ट मनाला लागते. हजारों सांध्यांपैकीं आठ सुटले, बाकी सर्व धड, तरी सबंध पडदा टाकून द्यावा लागतो. कपची काढून पुन्हां बसविणें कारखान्यांतहि कष्टाचें. गांवच्या दुकानांत तें होत नाहीं. बैलगाडीची धाव सैल झाली तर लोहार तिचा तुकडा कापून पुन्हां जोडीत असे.

नवा पडदा घातल्यावर जुना मीं मागून घेतला. जळगांवांत भिंगाला तोटा नाहीं. ओळखीच्या एका सोनाराच्या पेढीवर बसून, त्याचें दहापटीचें भिंग डोळ्याला लावून आम्ही दोघांनीं ती ओसरी पाहिली. कपची जागच्या जागीं, चकचकीत, बिनदोष. तिच्या डाव्या टोकापाशीं मात्र काचेच्या कडेवरून निघालेला एक तडा, नखाच्या चतकोराएवढा, टोकाला वळसा घालून तारांखालून गेलेला. डाव्या टोकाच्या तारा म्हणजे पडद्याच्या डाव्या कडेचे स्तंभ. रेघा तेथेंच उमटल्या होत्या. दाबून फुटलेली काच दाबाच्या ठिकाणापासून चहूंकडे तडकते. हा तडा एकटा होता, आणि कडेकडून आंत आला होता. भावानें भिंग माझ्याकडे परत दिलें, पडदा कागदांत गुंडाळला, आणि तो दुकानदाराला दाखविण्यासाठीं जिना उतरून गेला.